पायरीवरचा डाग

डाग काढणं हा माझा धंदा आहे. आधी डाग ओळखायचा, मगच त्याला हात लावायचा, हे वाक्य मी गेली एकवीस वर्षं पुण्यातल्या आमच्या संग्रहालयात शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीकडून घोकून घेतलं, आणि सोमवारी सकाळी स्वतःच मोडलं. चित्र तसं लहान होतं, शाळेच्या वहीएवढं. शुक्रवारी जुन्या छावण्यांच्या चित्रांचं प्रदर्शन उघडायचं होतं. आमचे तरुण क्युरेटर विश्वजीत यांनी ते चौकटीतून काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "मॅडम, बाकी सगळं छान आहे, फक्त पायरीवर एक तपकिरी डाग आहे बघा. तेवढा निघाला तर बरं होईल," असं म्हणून ते चहाला गेले. चित्रामागे पेन्सिलीनं इंग्रजीत लिहिलं होतं, टॅव्हर्न, सिरूर, नदीच्या बाजूनं. चित्रकाराचं नाव नाही, साल अंदाजे अठराशे पंचवीस. टॅव्हर्न म्हणजे गुत्ताच, इंग्रजीत म्हटलं की त्याची जरा अब्रू राहते एवढंच. आणि सिरूर म्हणजे शिरूर, ज्याला तिथं वाढलेली आम्ही माणसं घोडनदी म्हणतो. मी भिंग डोळ्याला लावून खाली वाकले. तीन काळ्या दगडी पायऱ्या, त्यातली मधली मधोमध चिरलेली. वाकून आत जावं लागेल असं ठेंगणं दार. दाराशेजारी कडुलिंबाचं झाड, चित्रात अजून कोवळं. मागच्या बाजूला नदीकडे उतरणारी वाट. ही इमारत कुठली हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या पायऱ्यांवर मी बसलेली आहे.

माझ्या लहानपणी तिथं सरकारमान्य देशी दारूचं दुकान होतं. गोरे सोल्जर गेले, छावणी उठली, गुत्ता तेवढा राहिला. माझे वडील हौसराव, मूळचे मांडवगण फराट्याचे, घोडनदीत विहिरींवरच्या मोटारी रिवायंडिंग करून द्यायचे. त्यांच्या हातांना कायम व्हार्निशचा वास यायचा आणि खिशात तांब्याच्या तारेचे तुकडे सापडायचे. माणूस अबोल. प्यायल्यावर आणखी अबोल व्हायचे, आणि आईला दारूपेक्षा त्या अबोल्याचाच जास्त राग होता. गुत्त्याच्या आतल्या कोनाड्यात शेंदूर फासलेला म्हसोबा होता, त्यामुळे पायात घालून आत कुणी जात नसे. प्यायचं, पण चपला बाहेर काढून. संध्याकाळी पायऱ्यांवर देवळासारखी चपलांची रांग लागायची. त्यावरून आमच्या गल्लीतल्या बायकांनी एक युक्ती काढली होती. बाईमाणूस गुत्त्यापाशी जाणार नाही, म्हणून पोरीला पाठवायचं. पोरीनं आत हाक मारायची नाही, रडायचं तर मुळीच नाही. बापाच्या जोडातली एक चप्पल उचलायची आणि ती मांडीवर घेऊन पायरीच्या कडेला बसायचं. दोन्ही नेल्या तर माणूस तसाच अनवाणी कुठंही निघून जाईल. पण एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा, असं गावातून चाललं की हसं होतं, आणि कितीही प्यायलेल्या माणसाला तेवढं कळतं. तो बाहेर आला की मुकाट्यानं पोरीसमोर उभा राहायचा. वडील माझ्यासमोर पाय पुढे करून म्हणायचे, "घाला, मालकीणबाई." मी चप्पल घालायची, आणि आम्ही दोघं घरी जायचो. त्यांच्या टायरच्या चपला होत्या, उजवीचा अंगठा तुटलेला, तो त्यांनी तांब्याच्या तारेनं बांधून घेतला होता. ती तार माझ्या मांडीला टोचायची.

चित्रातल्या पायऱ्यांवरही पादत्राणं होती. बूट होते, वहाणा होत्या, चढाव होते. म्हणजे म्हसोबा आमच्या कल्पनेपेक्षा जुना, आणि गोऱ्यांनाही त्यानं वठणीवर आणलं होतं, या विचारानं मला हसू आलं. मी जोड मोजले. शेवटच्या वहाणेला जोडी नव्हती. चित्रकाराला कंटाळा आला असेल, असं मी मनाशी म्हटलं. त्या एकट्या वहाणेपासून बोटभर अंतरावर, खालच्या पायरीच्या कडेला, तो डाग होता. खसखशीच्या चार दाण्यांएवढा. पुढचं मी का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. तपासणी नाही, दिवा नाही, फोटो नाही. मी कापसाची काडी पाण्यात बुडवली आणि डागाच्या खालच्या टोकावर फिरवली. मला तो डाग तिथून जायला हवा होता. आपल्याला ताबडतोब घालवावीशी वाटते ती गोष्ट डाग नसते, एवढं तरी या वयात मला कळायला हवं होतं. काडीला तपकिरी रंग आला. मी दुसऱ्यांदा फिरवली. मग हात थांबला, आणि जे आधी करायचं ते मी नंतर केलं. खिडकी झाकून अतिनील दिवा लावला. कागदातला बुरशीचा डाग त्या दिव्याखाली बहुधा उजळतो. हा उजळला नाही, काळाच राहिला. तो रंग होता, कुंचल्यानं मुद्दाम ठेवलेला. मोठं भिंग घेतलं तेव्हा दोन गुडघे दिसले, त्यावर वाकलेलं डोकं दिसलं आणि मांडीवर काहीतरी आडवं धरलेलं दिसलं. गुडघ्यांखाली एक पाय होता. दुसऱ्या पायाच्या जागी ओलसर, स्वच्छ कागद होता.

विश्वजीत चहा पिऊन आले. "निघाला का, मॅडम?" त्यांनी दारातूनच विचारलं. "अजून आहे," मी म्हटलं, आणि कापसाची काडी टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकली. ते गेल्यावर मी दार लावून घेतलं, कारण ‘अजून आहे’ म्हणणारा माझाच तो आवाज मी ओळखला होता. तो दहा वर्षांच्या मुलीचा आवाज होता.

मी दहा वर्षांची होते तेव्हाचा तो शनिवार होता. दुपारी आईचं आणि वडिलांचं वाजलं. म्हणजे आईच बोलली, ते भिंतीकडे बघत बसले. ते उठून निघाले तेव्हा आई त्यांच्या पाठीवर म्हणाली, "आता परत या घराची पायरी चढू नका." बायका म्हणतात तसंच ती म्हणाली, आणि तासाभरानं नेहमीप्रमाणे मला पाठवून दिलं. मी पायऱ्यांपाशी गेले, उजवी चप्पल उचलली, बसले. पण शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर मराठी सिनेमा लागायचा, आणि नदीकडे जाणाऱ्या वाटेवर माझ्या मैत्रिणीच्या, प्रांजलच्या घरी टीव्ही होता. वडील दिवेलागणीच्या आत कधी उठत नसत. मी हिशेब केला, चप्पल फ्रॉकच्या घोळात लपवली आणि प्रांजलकडे जाऊन बसले. जायचंच तर चप्पल जागेवर ठेवून जायचं, हे मला सुचलं नाही. चप्पल आपल्याजवळ आहे म्हणजे ते कुठं जाणार नाहीत, अशी माझी पक्की समजूत होती. सिनेमा ऐन रंगात आला होता तेव्हा बाहेर वाटेवरून हाक आली, "अनू." मी ऐकली. पुन्हा आली, थोडी नदीच्या बाजूनं. मी कधीकधी कंटाळून नदीवर दगड भिरकावायला जायचे, ते त्यांना ठाऊक होतं. तिसरी हाक अगदी लांबून आली. एवढं गाणं झालं की उठते, असं मी ठरवलं. गाण्यानंतर आणखी एक सीन बघितला. पायऱ्यांपाशी परत आले तेव्हा डावी चप्पल एकटीच पडलेली होती. त्यांनी तीसुद्धा पायात घातली नव्हती, तसेच अनवाणी मला शोधत गेले होते. मी घरी पळाले. आईनं विचारलं, "बाप कुठाय?" मी म्हटलं, "अजून आतच हाय." त्या वाक्यामुळे आणखी दोन तास कुणी शोधायला निघालं नाही. नदीला पाणी होतं. तिसऱ्या दिवशी ते खाली न्हावऱ्याच्या अंगाला सापडले, पाय उघडे.

लोकांनी मग त्या उघड्या पायांचा अर्थ लावला. जीव द्यायला जाणारा माणूस चपला काढून ठेवतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गुत्त्याच्या पायरीवर चप्पल सापडली, म्हणजे हौसराव ठरवूनच गेला. एकच कशी सापडली? दुसरी कुत्र्यानं नेली असेल. इतकं सोपं होतं सगळं. गल्लीतल्या कुठल्याही बाईला आपल्या युक्तीची आठवण झाली नाही, किंवा झाली असेल आणि माझ्या तोंडाकडे बघून त्या गप्प बसल्या असतील. दहाव्याच्या दिवशी आईनं स्वतःच्या पायातलं काढलं ते कायमचं. लोकांना सांगायची, नवस आहे. मला एकदाच, मी बारावीत असताना, म्हणाली, "त्ये अनवाणी गेलं. माज्या तोंडानं गेलं. मग मी कुणाच्या जिवावर घालू?" त्या क्षणी मला सांगता आलं असतं. मी वही उघडून बसले. वडील गेल्यावर आम्ही दौंडला मामाकडे राहायला गेलो होतो, तेव्हाच ती उजवी चप्पल मी एसटीच्या खिडकीतून भीमेच्या पुलावरून पाण्यात सोडून दिली होती. घोडनदी पुढे भीमेलाच मिळते. त्या वयात मला वाटलं होतं, चप्पल त्यांना पोचेल आणि हाका थांबतील. हाका काही थांबल्या नाहीत. लक्ष्मी रोडच्या गर्दीत, कुकरच्या शिटीत, नवऱ्याशी भांडण ऐन भरात असताना मधेच कुठंतरी लांबून "अनू" येतं. मी वळून बघत नाही. चौतीस वर्षांत सवय झालेली आहे.

सोमवारी संध्याकाळी भारतचा फोन आला. भारत माझा धाकटा भाऊ, तेव्हा पाच वर्षांचा होता. दौंडला राहतो आणि कुरकुंभला एका कंपनीत शिफ्ट करतो. "ताई, आईच्या डाव्या पायाचं बोट काळं पडलंय," तो म्हणाला. "खिळा लागलाता, तिनं कुणाला सांगितलंच न्हाई. शुगर चारशेच्या वर. डॉक्टर म्हणतोय, पायात घातल्याबिगर पाऊल टाकू द्यायचं न्हाई, न्हाईतर ते पाऊलच काढावं लागंल. मी मऊ चप्पल आणली तर तिनं ती पिठाच्या डब्यामागं टाकली. नवस हाय म्हणती. कुठला देव असला नवस घेतो सांग मला. तुजं तरी ऐकंल." मी म्हटलं, बघते. "बघती न्हाई, ये," तो म्हणाला, आणि सेकंड शिफ्ट चालू आहे म्हणून त्यानं फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी मी पुन्हा चित्रासमोर बसले. डोळे निवळले असतील, काल भास झाला असेल, अशी आशा होती. पोरगी जागेवरच होती. भिंगाशिवाय तो डाग होता, भिंगातून ती पोरगी होती, आणि तिच्या मांडीवरच्या वस्तूत मला एक तांबूस रेघ दिसली, केसाएवढी. मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. रेघ नव्हती. तिसऱ्यांदा बघायचा मला धीर झाला नाही. दोनशे वर्षं ती तिथं बसून आहे. बूटवाले आले, गेले, चित्रकार आपली पेटी आवरून गेला, ती उठली नाही. जे मला एक संध्याकाळ जमलं नाही ते तिनं केलं होतं, आणि मी तिचा पाय पुसून टाकला होता. मला तिची भीती वाटली, आणि सांगायला लाज वाटते पण रागही आला. मी चित्र पालथं घातलं. जलरंग कधी पालथा घालायचा नसतो, हेही मी मुलींना शिकवते. पालथ्या कागदातूनही ती कुठं बसली आहे ते मला दिसत होतं. दुपारी अर्धी रजा टाकून मी दौंडची गाडी पकडली.

गाडीत बसायला जागा मिळाली. लोणी गेलं, उरुळी गेलं. पर्समध्ये ती काडी होती, आणि दर दोन मिनिटांनी ती आहे ना म्हणून मी हात घालून बघत होते. फ्रॉकच्या घोळातली चप्पल मी अशीच चाचपून बघायचे. केडगाव आलं तेव्हा मी विश्वजीतना फोन लावला. "तो डाग नव्हता," मी म्हटलं. "मूल बसलेलं होतं. तपासायच्या आधीच माझ्या हातून पुसलं गेलं." माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान माणूस, मला रागवायचं कसं ते त्यांना सुचत नसावं. मग म्हणाले, "किती पुसलंय?" "एक पाय," मी म्हटलं. "रिपोर्टमध्ये तसं लिहा, मॅडम. बाकी आल्यावर बघू. मी संध्याकाळी फोन करतो." गाडी हलली. आभाळ कोसळलं नव्हतं. समोरची बाई शेंगा सोलत होती, ती सोलतच राहिली. एवढंसंच असतं ते वाक्य. पण पहिलं तोंडातून निघाल्याशिवाय दुसरं निघत नाही, आणि दुसऱ्याला आता पाटस, मग दौंड, एवढाच वेळ होता.

भारतचं घर रेल्वे लाइनच्या पलीकडे आहे. दाराला दोन पायऱ्या. आई वरच्या पायरीवर मेथी निवडत बसली होती, डाव्या पायाला पट्टी, आणि दोन्ही टाचा उन्हात तडकलेल्या मातीसारख्या. मला बघून म्हणाली, "भारतनं बोलावून घेतली व्हय तुला." भारतची बायको साधना चहा देऊन आत गेली. मी आईच्या खालच्या पायरीवर बसले.

"आई, चप्पल घाल."

"नवस हाय माजा."

"मला माहितीय तो कसला आहे ते." "त्यांची दुसरी चप्पल कुत्र्यानं नव्हती नेली. माझ्याकडं होती."

मेथीची काडी तिच्या बोटांत तशीच राहिली. मी सगळं सांगितलं. रिपोर्ट लिहितात तसं ओळीनं सांगितलं, कुठं बसले, कधी उठले, हाका किती आल्या, घरी येऊन काय बोलले, चप्पल कुठं टाकली. मधे थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. समोरून एक रिक्षा गेली. आई रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही.

"कोणची व्हती तुज्याजवळ?" तिनं विचारलं. "डावी का उजवी?"

"उजवी. तारेनं बांधलेली."

"डावी माज्या पेटीत हाय." मग मेथीची काडी ताटात टाकून म्हणाली, "हाक मारली म्हणतीस. रागात व्हता का आवाज?"

चौतीस वर्षं मी तो आवाज ऐकते आहे, आणि हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. मी मान खाली घालून ऐकलं. "नाही," मी म्हटलं. "तू आम्हांला जेवायला बोलवायचीस ना, तसा."

"म्हंजी मरायला न्हाई गेलं."

"नाही."

"तुला हुडकाय गेलं."

"हो, आई."

ती हलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिनं पुसलं नाही. मला वाटलं आता ही मला मारेल. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. "चौतीस वर्सं, अने," एवढंच ती म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. त्यात सुटका होती की शाप होता, ते मला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क मला नव्हता. मग तिनं मेथीचं ताट बाजूला सारलं. "जा, आण ती चप्पल. पिठाच्या डब्यामागं हाय."

मी आणली. काळी, मऊ रबराची, अजून दोऱ्यानं एकमेकींना बांधलेली. आईनं दातानं दोरा तोडला. डावी तिनं पट्टीच्या पायात सरकवली, हळू, पाय कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. मी उजवी पुढे केली, तर तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"ही धर. मी त्या पिंपळापतूर जाऊन येते. मी येस्तवर हितनं उठायचं न्हाई."

ती भिंतीला धरून उतरली आणि चालायला लागली. एका पायात चप्पल, एक उघडा. समोरच्या ओट्यावरून शेवंताबाई म्हणाल्या, "काय गं सारजे, येकाच पायात घालून कुठं निघालीस?" आणि हसल्या. गल्लीतल्या आणखी दोघी बघायला लागल्या. आई त्यांच्यामधून खुरडत, अजिबात घाई न करता गेली. पिंपळापाशी थांबून तिनं वळून बघितलं. मी चप्पल मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. मग ती झाडाआड दिसेनाशी झाली. आत पर्समध्ये फोन वाजत होता, विश्वजीत असतील. वाजून वाजून तो थांबला. साधनानं आतून दोनदा हाक मारली. मी उठले नाही.